चांदीपुरा मेंदूज्वर आणि रक्त-मेंदू अडथळा : मानवी ऊती-प्रतिकृतींची उपयुक्तता व मर्यादा

प्रस्तावना :
1965 साली नागपूरच्या चांदीपुरा भागातील तापाच्या रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजेच आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, एक नवा विषाणू वेगळा केला. पुढे जवळजवळ चार दशके त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. 2003 मध्ये आंध्र प्रदेशात 329 बालके मेंदूच्या तीव्र आजाराने ग्रस्त झाली व त्यांपैकी 183 दगावली, तेव्हा या विषाणूचे खरे स्वरूप पुढे आले. महाराष्ट्रातही त्याच वर्षी आणि 2007 मध्ये नागपूर विभागात याचे रुग्ण आढळले. 2024 च्या पावसाळ्यात गुजरातमध्ये साथ उद्भवली. वाळूमाशीमार्फत पसरणारा हा आजार प्रामुख्याने 15 वर्षांखालील मुलांना होतो आणि अनेकदा एक-दोन दिवसांतच प्राण घेतो. त्यावर विशिष्ट औषध वा लस नाही.

वादाचा मुद्दा :
2003 च्या साथीनंतर एक मूलभूत मतभेद निर्माण झाला. विषाणूतज्ज्ञांनी हा मेंदूज्वर, म्हणजे मेंदूच्या ऊतीचा दाह, मानला. हैदराबादच्या काही बालरोगतज्ज्ञांनी मात्र रुग्णांची लक्षणे व मेंदूच्या प्रतिमा पाहून हा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार, एक प्रकारचा साथीचा पक्षाघात, असावा असे 2004 मध्ये मांडले. हा भेद केवळ नावाचा नाही. आघात चेतापेशींवर आहे की रक्तवाहिनीच्या भिंतीवर, यावर उपचाराची दिशा अवलंबून असते.

रक्त-मेंदू अडथळा :
पॉल एर्लिक यांनी 1885 मध्ये प्राण्यांच्या रक्तात रंगद्रव्य सोडले असता सर्व अवयव रंगले, मेंदू मात्र कोराच राहिला. 1913 मध्ये गोल्डमान यांनी रंगद्रव्य मेंदूच्या बाजूने सोडले, तेव्हा मेंदू रंगला व शरीर कोरे राहिले. म्हणजे मध्ये काहीतरी आड होते. ते काय, हे 1967 मध्ये रीज व कार्नोव्स्की यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखविले : केशवाहिन्यांच्या आतील स्तरातील एंडोथेलियल पेशी एकमेकींना घट्ट सांध्यांनी जोडलेल्या असतात. त्यांना बाहेरून पेरिसाइट पेशी बिलगलेल्या असतात आणि ॲस्ट्रोसाइट पेशींचे पाय वेढून असतात. नको असलेली अनेक द्रव्ये परत रक्तात लोटणारे प्रथिनांचे पंपही तेथे असतात. त्यामुळे ही केवळ भिंत नसून राखणदार असलेली वेस आहे, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

उंदीर आणि माणूस :
चांदीपुरा विषाणू उंदराच्या दूध पिणाऱ्या पिल्लांना कोणत्याही मार्गाने टोचला तरी ती दगावतात; प्रौढ उंदीर मात्र थेट मेंदूत टोचल्यासच. माणसातील वयभेदाशी याचे साम्य लक्षणीय आहे. तथापि उंदराच्या शरीरात रक्तवाहिनी, चेतापेशी व प्रतिकारशक्ती एकाच वेळी कार्यरत असतात. त्यातून रक्तवाहिनीचा वाटा वेगळा काढणे कठीण जाते.

अभियांत्रिकीय ऊती-प्रतिकृती :
येथे प्रयोगशाळेत घडविलेल्या मानवी ऊतींचा विचार करावा लागतो. सर्वात सोपी रचना म्हणजे सच्छिद्र पडद्याच्या एका बाजूस एंडोथेलियल पेशी व दुसऱ्या बाजूस ॲस्ट्रोसाइट वाढविणे. परंतु येथे रक्ताचा प्रवाह नसतो, आणि प्रवाहाच्या घर्षणाशिवाय या पेशी आपला स्वभाव पूर्णपणे प्रकट करीत नाहीत. म्हणून सिलिकॉन रबराच्या चकतीत सूक्ष्म नलिका कोरून त्यांत पेशींचा अस्तर वाढवितात व द्रव खेळता ठेवतात. खरी केशवाहिनी 7 ते 10 मायक्रोमीटर रुंद असते. साच्यातील नलिका बहुधा तिच्या कितीतरी पट रुंद. यावरचा उपाय म्हणजे जेलमध्ये तिन्ही प्रकारच्या पेशी एकत्र सोडून त्यांनाच वाहिन्यांचे जाळे विणू देणे. अमेरिकेतील एमआयटीच्या रॉजर कॅम यांच्या गटाने 2018 मध्ये असे जाळे प्रसिद्ध केले. अशा रचनेत चेतापेशी वगळून केवळ वाहिनीला विषाणूची बाधा करता येते, नंतर चेतापेशी घालून तुलना करता येते. 2004 च्या वादाला नेमकी अशीच तुलना हवी होती.

एक सावधगिरी :
अडथळा किती घट्ट आहे हे विद्युत विरोधावरून मोजतात. प्राण्यांच्या मेंदूतील वाहिन्यांत तो 1,000 ओहम-चौरस सेंटिमीटरच्या वर जातो. अनेक मानवी पेशी-वाणांत 100 देखील गाठत नाही. 2012 मध्ये मूलपेशींपासून अतिशय उच्च विरोध देणाऱ्या पेशी तयार झाल्या आणि जगभर त्यांचा वापर सुरू झाला. 2021 मध्ये एका संशोधन गटाने त्यांच्या जनुकांची छाननी केली, तेव्हा त्या पेशी रक्तवाहिनीच्या नव्हे, तर आतडे वा त्वचा यांसारख्या आवरणांच्या एपिथेलियल पेशींसारख्या असल्याचे निष्पन्न झाले. आकडा बरोबर होता, ओळख चुकली होती! म्हणून पेशींची ओळख न पटविता केवळ विरोधाचा आकडा देणाऱ्या प्रबंधाकडे साशंकतेनेच पाहावे लागते. सिलिकॉन रबर काही तेलविद्राव्य औषधे स्वतःच शोषून घेते, हा दोषही दुर्लक्षून चालणार नाही.

भारतात मार्च 2023 मध्ये नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियम, 2019 यांत दुरुस्ती होऊन प्राण्यांऐवजी अवयव-चिप व त्रिमितीय ऊतींवरील निष्कर्षांना वाट मोकळी झाली. त्यामुळे या तपासणीचे महत्त्व वाढले आहे. चांदीपुराच्या संदर्भात मात्र एक अडचण विशेष आहे. प्रौढ व्यक्तीच्या पेशी पुनर्घडवून मूलपेशी तयार केल्या की त्यांचे वय पुसले जाते आणि त्यांपासून बनलेली वाहिनी गर्भावस्थेतील वाहिनीच्या जवळ जाते. सात वर्षांच्या मुलाची आणि चाळिशीतील शेतकऱ्याची वाहिनी चिपवर जवळजवळ सारखीच दिसेल. आणि हा विषाणू तर त्या दोघांत नेमका भेद करतो.