बाळंतिणीची झोप आणि रात्रीचा पान्हा

लखनौहून रायबरेली जिल्ह्यात शिरलं की शिवगडची खेडी लागतात. संशोधक विश्वजीत कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या घराघरांत सांगितलं, की बाळ आईच्या उघड्या छातीशी धरा, चीक टाकू नका, पाजायला उशीर करू नका. २००८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या प्रयोगाचा निकाल आला. या गावांत नवजात बालकांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी झाले होते. औषध नाही, यंत्र नाही!

बाळाला ऊब मिळते हे झालंच. पण आईच्या झोपेचं काय? तान्हं बाळ दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पितं, कारण त्याचं पोट इवलंसं असतं. दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं सहसा टाळू नये. पान्हा सोडणारं ऑक्सिटोसिन आईला शांत करतं, गुंगीही आणतं. दुखणं, काळजी आणि पाहुण्यांची वर्दळ यांनी मात्र पान्हा अडतो. (पाहुण्यांना हे सांगायचं कुणी?)

तेव्हा बाळ दिवसा झोपलं की आईनंही आडवं व्हावं. भांडी दुसऱ्यानं घासावीत. रात्री कुशीवर निजून पाजता येतं. सोफ्यावर पाजताना डोळा लागणं मात्र धोक्याचं, बाळ गुदमरू शकतं. लंगोट बदलणं, ढेकर काढणं ही कामं बापाला सहज जमतात. छातीशी बाळ धरणंही जमतं, त्याची छाती तितकीच उबदार असते.