ब्रिज टू फार, ए

ब्रिज टू फार, ए : (१९७७). दुसऱ्या महायुद्धातील ‘मार्केट गार्डन’ या अयशस्वी लष्करी मोहिमेवरील इंग्रजी युद्धपट. दिग्दर्शक रिचर्ड ॲटनबरो, निर्माता जोसेफ लेव्हीन. कॉर्नेलियस रायन यांच्या याच नावाच्या ग्रंथावरून (१९७४) विल्यम गोल्डमन यांनी पटकथा लिहिली. शीर्षक जनरल ब्राउनिंग यांच्या तोंडी घातल्या जाणाऱ्या उद्‌गारावरून घेतले आहे.

मोहीम : नेदर्लंड्समधील पूल विमानांतून उतरविलेल्या सैन्याने काबीज करावेत व बेल्जियमच्या सीमेवरून निघालेल्या ब्रिटिश ३० व्या कोअरने सु. १०० किमी. अंतर कापून आर्नेमपाशी ऱ्हाईन ओलांडावी, ही माँटगोमरी यांची योजना होती. १७ सप्टेंबर १९४४ रोजी तिचा आरंभ झाला. सर्व सैन्य एकाच वेळी उतरविण्याइतकी विमाने नव्हती. ब्रिटिश छत्रीधारी सैनिक आर्नेमच्या पुलापासून सु. १० किमी. वा अधिक दूर उतरले, त्यांची बिनतारी यंत्रे निकामी ठरली आणि परिसरात दोन जर्मन चिलखती डिव्हिजन होत्या. मदतीस येणारे रणगाडे एकाच अरुंद रस्त्यावर अडकले. पुलाचे उत्तर टोक सु. ७४० सैनिकांनी २१ सप्टेंबरपर्यंत झुंजविले. आर्नेमच्या बाजूस उतरलेल्या सु. १०,००० सैनिकांपैकी सु. २,४०० परत येऊ शकले.

चित्रण : चित्रीकरण नेदर्लंड्समध्येच झाले. आर्नेमचा परिसर युद्धोत्तर काळात बदलल्याने डेव्हेंटर येथील पूल वापरण्यात आला. छत्रीधारी सैनिकांच्या अवतरणाची दृश्ये प्रत्यक्ष विमाने व सैनिक वापरून टिपली आहेत. शॉन कॉनरी, अँथनी हॉपकिन्झ, लॉरेन्स ऑलिव्हिये, लिव्ह उलमन इ. ख्यातनाम कलावंतांच्या यात भूमिका आहेत. संगीतकार जॉन ॲडिसन यांनी स्वतः ३० व्या कोअरमधून या मोहिमेत भाग घेतला होता. एडवर्ड फॉक्स यांचा अभिनय, जेफ्री अन्सवर्थ यांचे छायाचित्रण, संगीत व ध्वनी यांस ब्रिटिश अकादमीचे पुरस्कार लाभले.

मूल्यमापन : विजयाऐवजी पराभव हा विषय आणि सेनाधिकाऱ्यांच्या फाजील आत्मविश्वासाची चिकित्सा, हे या चित्रपटाचे वेगळेपण होय. शत्रूच्या रणगाड्यांची छायाचित्रे दाखविणारा गुप्तवार्ता अधिकारी दूर सारला जातो, हा प्रसंग वस्तुस्थितीवर आधारित आहे. ब्रायन अर्कहार्ट या त्या अधिकाऱ्याचे नाव मात्र बदलले आहे. माँटगोमरी पात्ररूपाने येत नसल्यामुळे दोषाचा भार डर्क बोगार्ड यांनी रंगविलेल्या ब्राउनिंगवर पडतो. याबद्दल ब्राउनिंग यांच्या पत्नी, कादंबरीकार डॅफ्नी ड्यू मॉरिए यांनी नाराजी व्यक्त केली. उलट, योजनेविषयी साशंक असलेल्या पोलिश सेनानी सोसाबॉव्हस्की यांना चित्रपटात न्याय मिळाला. प्रत्यक्षात १९४४ च्या अखेरीस त्यांना अधिकारपदावरून दूर करण्यात आले होते. नेदर्लंड्सने २००६ मध्ये त्यांचा मरणोत्तर गौरव केला. पराभवाची जबाबदारी कोणाची, या प्रश्नावरील वाद युद्धानंतरही दीर्घकाळ चालू राहिला. विशाल जनसमूह हाताळण्याचे ॲटनबरो यांचे कौशल्य पुढे गांधी (१९८२) या चित्रपटात अधिक प्रकर्षाने दिसून आले.