‘सापडत नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे

तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात गेलेला माणूस आज पायथनवर काय बोलणार, असं तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल. आम्ही प्रोग्रॅमर नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण मागच्या हिवाळ्यात घडलेली एक गोष्ट सांगायची आहे.

आमच्या घरी वरच्या खोलीत एक विद्यार्थिनी भाड्याने राहते. आईवडील ऊसतोडीला गेलेले, कोर्सची फी त्यांच्या उचलीतून भरलेली. एका रात्री अकरा वाजता ती लॅपटॉप घेऊन खाली आली आणि म्हणाली, “सर, मला हे जमणार नाही. मी कोर्स सोडते.” आम्ही म्हणालो, “आधी बस. काय लिहून आलंय ते वाच.”

पडद्यावर मॉड्यूलनॉटफाउंडएरर होता. पांडाज नावाचं मॉड्यूल सापडत नाही, एवढंच त्यात म्हटलेलं. ती म्हणाली, “दोनदा काढलं, दोनदा बसवलं. पिपला विचारलं तर ते म्हणतं, आधीच बसवलेलं आहे. पायथन म्हणतं, नाही.”

आता बघा, दोन साक्षीदार परस्परविरुद्ध बोलताहेत आणि खोटं कोणीच बोलत नाही. हे कसं शक्य आहे?

इथे न्यायशास्त्र कामी येतं. कोणताही अभाव सांगताना नैयायिक दोन गोष्टी विचारतात. काय नाही? त्याला ते ‘प्रतियोगी’ म्हणतात. आणि कुठे नाही? तो ‘अनुयोगी’. ‘घट नाही’ हे वाक्य अपुरं आहे. ‘या जमिनीवर घट नाही’ हे पुरं. पायथनचा एरर प्रतियोगी सांगतो, अनुयोगी गिळून टाकतो. दिवाळीनंतर आपल्या बीड जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत घरांना कुलपं दिसतात. म्हणून ती माणसं जगात नाहीत, असं आपण म्हणतो का? ती कारखान्याच्या तळावर, कोपीत असतात.

पायथन शोधतो कुठे, तर ठरलेल्या फोल्डरांच्या यादीत. ‘सिस डॉट पाथ’ छापून पाहिलंत तर ती यादी दिसते. ढोबळमानाने सांगायचं तर आधी तुमच्या फाइलचा फोल्डर, मग पायथनचं स्वतःचं भांडार, आणि मग बाहेरून आणलेल्या पॅकेजेसचं ‘साइट-पॅकेजेस’. यादी संपली की शोध संपला. आणि एका संगणकावर दोन पायथन असतील, तर दोघांचं साइट-पॅकेजेस वेगळं.

आम्ही तिला दोन प्रश्न विचारायला लावले. पायथनला ‘सिस डॉट एक्झिक्युटेबल’ विचार, म्हणजे चालतोय तो पायथन कुठला ते कळेल. आणि पिपला ‘डॅश डॅश व्हर्जन’ विचार, म्हणजे पिप कोणत्या पायथनचा आहे ते कळेल. प्रोग्राम ३.१२ वर चालत होता, पिप ३.११ चा होता. सामान एका घरात उतरवलं होतं आणि शोध दुसऱ्या घरात चालला होता. मग ‘पायथन, डॅश एम, पिप, इन्स्टॉल’ अशी आज्ञा दिली. अशाने जो पायथन तुम्ही हाकारता, त्याचाच पिप कामाला लागतो. वीस मिनिटांत काम झालं.

पण दर वेळी कारण हेच नसतं. अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’त अभावाचे चार प्रकार सांगितले आहेत. ते इथे ताडून पाहू.

पहिला प्रागभाव. मडकं घडण्यापूर्वीचा अभाव. पॅकेज बसवलेलंच नाही; बसवा, प्रश्न मिटला.

दुसरा प्रध्वंसाभाव. होतं, आता नाही. ‘डिस्टयूटिल्स’ पायथनबरोबरच यायचं. ऑक्टोबर २०२३ च्या ३.१२ मध्ये ते काढून टाकलं. जुना प्रोग्राम तिथे अडतो. ‘सेटअपटूल्स’ बसवल्यावर बऱ्याचदा निभावतं.

तिसरा अत्यंताभाव. वायूला रूप नाही, कधीच नसतं. ‘एफसीएनटीएल’ हे मॉड्यूल युनिक्स जातीच्या प्रणालींसाठी आहे. विंडोजवर ते नाहीच. तिथे पिपला कितीही विनवा, उपयोग नाही. प्रोग्रामच बदलावा लागेल.

चौथा अन्योन्याभाव. घट म्हणजे पट नव्हे. प्रोग्राममध्ये ‘सीव्ही टू’ लिहायचं, पण बसवायचं ‘ओपनसीव्ही-पायथन’. प्रोग्राममध्ये ‘एसकेलर्न’, बसवायचं ‘सायकिट-लर्न’. हाक मारायचं नाव आणि दाखल्यावरचं नाव वेगळं. इथे अंदाजाने नाव टाकू नका. मिळत्याजुळत्या नावाने घातक पॅकेज ठेवणारे लोक असतात. पॅकेजच्या अधिकृत माहितीत पाहूनच बसवा.

पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करायचं? तळावर प्रत्येक कोयत्याची आपली कोपी, आपली चूल, आपली भांडी. तशी प्रत्येक प्रकल्पाला वेगळी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा. २०१२ च्या ३.३ पासून त्यासाठी ‘व्हेन्व्ह’ पायथनमध्येच आहे. आणि लागणाऱ्या सामानाची यादी ‘रिक्वायरमेंट्स’ फाइलमध्ये आवृत्तीसकट लिहून ठेवा.

शेवटी एक गोष्ट. कुमारिल भट्टांच्या परंपरेत अनुपलब्धी, म्हणजे न आढळणं, हे स्वतंत्र प्रमाण मानलं आहे. पण त्याला अट आहे: ती वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, म्हणून घट नाही असं ठरत नाही.

त्या मुलीने त्या रात्री दोन अनुमानं केली होती. एक, पांडाज नाही. दोन, आपल्यात बुद्धी नाही. पहिलं आम्ही दोघांनी मिळून तपासलं. दुसरं तिने एकटीने, रात्री अकराला, कुणालाही न विचारता काढलं होतं. आणि तेही अंधाऱ्या खोलीतलंच होतं. कोर्स तिने सोडला नाही. तुमच्या घरात, वर्गात कुणी असं म्हणालं, तर आधी विचारा: शोधलंस कुठे?