अंगठ्यातलं मिठागर

पनवेलहून उरणच्या किंवा पेणच्या बाजूला गेलं की मिठागरं दिसतात. खाडीचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात आटत जातं. कितीतरी दिवस तिथे नुसतं पाणीच असतं. मग ते एका ठरावीक दाटपणाला पोचतं आणि तळाशी मीठ धरू लागतं. दाटपणा तेवढा नसेल तर मिठाचा एक कणही दिसायचा नाही.

गाऊट या सांध्याच्या आजारात पायाच्या अंगठ्यात नेमकं हेच होतं. शरीराच्या उष्णतेला दर १०० मिलिलिटरमध्ये साधारण ६.८ मिलिग्रॅम युरिक अ‍ॅसिड विरघळून राहतं. त्यापुढे ते सोडियमशी जोडी जमवून सांध्यात सुयांसारखे स्फटिक धरू शकतं. रसायनशास्त्राच्या भाषेत हेही एक मीठच! पाय शरीराच्या मानाने थंड, आणि थंडाव्यात ते कमी विरघळतं, म्हणून पहिला मान बहुधा अंगठ्याचा. शरीराचे पहारेकरी या सुयांवर तुटून पडतात आणि मध्यरात्री चादरीचा स्पर्शही सोसवत नाही.

कर्नाळ्याच्या अभयारण्यात पक्ष्यांची विष्ठा पाहिली असेल. तिच्यातला पांढरा भाग म्हणजे मुख्यतः हेच युरिक अ‍ॅसिड. बहुतेक सस्तन प्राण्यांकडे ते मोडणारं एन्झाइम असतं. आपल्या वानरपूर्वजांनी ते कोटीहून अधिक वर्षांपूर्वी गमावलं, आणि तो वारसा आपण आजही वागवतो. त्यामुळे सगळा दोष मांदेली, मटण आणि बिअरवर टाकणं अन्यायाचं आहे. पथ्य करावंच, पण त्याने रक्तातला युरिक अ‍ॅसिडचा आकडा थोडासाच उतरतो. बहुतेकांची खरी अडचण ही की मूत्रपिंडं हे अ‍ॅसिड पुरेसं बाहेर टाकत नाहीत.

गाऊटशी जुळणाऱ्या रोगाला आयुर्वेदात वातरक्त म्हणतात, आणि हा शब्द पनवेलला नवा नाही. इथल्या धूतपापेश्वर कंपनीची आयुर्वेदिक औषधं १८७२ पासूनची. चरकसंहितेत याच रोगाला आढ्यवात, म्हणजे श्रीमंतांचा वात, असंही म्हटलं आहे. रक्तातली खूण मात्र १८४८ मध्ये लंडनच्या आल्फ्रेड गॅरडने दाखवली. पुढे रुग्णाच्या रक्तद्रवात थोडं आम्ल घालून त्याने आत दोरा सोडला. खडीसाखर धरावी तसे दोऱ्यावर युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक धरले!

आता मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट. हे मिठागर उलटं चालवता येतं. रक्तातला आकडा ६ च्या खाली आणून तिथेच ठेवला, तर साठलेले स्फटिक हळूहळू विरघळून जातात. स्फटिकांच्या गाठी झाल्या असतील तर अनेक डॉक्टर ५ च्या खालचं लक्ष्य धरतात. युरिक अ‍ॅसिड कमी करणारं अ‍ॅलोप्युरिनॉल हे औषध १०० मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी मात्रेने सुरू करायचं, काही आठवड्यांनी रक्त तपासायचं आणि आकडा गाठेपर्यंत डॉक्टरांनी मात्रा वाढवत न्यायची. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला परिचारिकांनी रुग्णांना नीट समजावत हे केलं. २०१८ मध्ये निकाल आला: दोन वर्षांनी शंभरातल्या ९५ जणांनी लक्ष्य गाठलं होतं, नेहमीच्या उपचारात फक्त ३० जणांनी.

सुरुवातीच्या महिन्यांत मात्र दुखणं पुन्हा उसळू शकतं. स्फटिक विरघळताना सुटे होतात, म्हणून. त्यासाठी डॉक्टर तीन ते सहा महिने कोल्चिसिनसारखं औषध जोडीला देतात. इथेच कितीजण ‘गोळीने त्रास वाढला’ म्हणून औषध सोडतात, याचं वाईट वाटतं. अंगावर पुरळ उठलं तर मात्र अ‍ॅलोप्युरिनॉल लगेच थांबवून डॉक्टरांना गाठायचं. त्यात उशीर नको.

आणि लॅबचा कागद नीट वाचा. त्यावर पुरुषांसाठी बहुधा ७ च्या आसपासपर्यंत ‘नॉर्मल’ छापलेलं असतं. ६.९ आकडा आला तर त्यावर कसलीही खूण नसते, पण गाऊटच्या माणसाच्या सांध्यात त्या आकड्याला मीठ धरू शकतं. घरात कुणाला गाऊट असेल तर शेवटचा रिपोर्ट आज काढून पाहा. आकडा ६ किंवा त्याहून वर असेल, तर अंगठा दुखत नसला तरी तो रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा.