लोकमताची दुहेरी कसोटी

बहुमत हा शब्द आपण दिवसांतून दहा वेळां उच्चारतों. परंतु बहुमत म्हणजे नेमकें काय, असें कोणी विचारलें तर भलेभले सुशिक्षित गृहस्थहि क्षणभर अडखळतील. शंभरांतील एकावन्न जणांनीं ज्यास पसंत केलें त्यास बहुमत लाभलें, हें उघड आहे. पण उमेदवार पांच असले आणि सर्वांत पुढें असलेल्यास शंभरांपैकीं तीसच मतें पडलीं, तर त्यास काय म्हणावें? आपल्या विधानसभेच्या व लोकसभेच्या निवडणुकींत असा उमेदवार निवडून आला असें जाहीर होतें. उरलेल्या सत्तर जणांस तो चालण्यासारखा होता कीं मुळींच नको होता, हें त्यांस कोणी विचारीत नाहीं. हा राहिलेला प्रश्न विचारण्याची एक रीति अमेरिकेंतील कांहीं राज्यांत रूढ आहे. तिची हकीकत दूर देशची असली तरी तिच्यांतील मर्म ज्यास ज्यास मताचा अधिकार आहे त्या प्रत्येकाच्या उपयोगाचें आहे, म्हणून ती येथें सांगतों.

अमेरिकेंतील राज्यें आपल्या निवडणुकींचे नियम पुष्कळ अंशीं स्वतःच करतात. तेथें प्रमुख पक्ष दोन, डेमोक्रॅटिक व रिपब्लिकन. आपल्याकडे पक्षाचें तिकीट कोणास द्यावयाचें हें पक्षाचे पुढारी ठरवितात. तेथें तें बहुधा मतदारच ठरवितात, आणि त्याकरितां मुख्य निवडणुकीपूर्वीं जी वेगळी निवडणूक होते तिला ‘प्रायमरी’, म्हणजे प्राथमिक निवडणूक, म्हणतात. कांहीं राज्यांत पक्षाच्या नांवानें नोंदलेल्या मतदारांसच तिच्यांत मत देतां येतें. ही बंद प्रायमरी. दुसऱ्या कांहीं राज्यांत कोणाहि मतदारास आपल्या इच्छेस येईल त्या एका पक्षाच्या प्रायमरींत भाग घेतां येतो; ही खुली प्रायमरी. लुइझियाना राज्यानें याच्याहि पुढें पाऊल टाकलें. तेथें सर्व पक्षांचे सर्व उमेदवार एकाच यादींत येतात आणि सर्व मतदार त्या यादींतून एकास मत देतात. ज्यास निम्म्याहून अधिक मतें पडतील तो तेथेंच निवडून आला. तशीं कोणासच न पडल्यास पहिले दोघे तेवढे ठेवून, कांहीं आठवड्यांनीं त्यांच्यांत दुसरी फेरी होते. मग ते दोघे एकाच पक्षाचे कां असेनात! या दुसऱ्या फेरीस तिकडे ‘रनऑफ’ म्हणतात. पहिल्या फेरींत पक्षांची कांहींच शिस्त राहत नाहीं, म्हणून थट्टेनें तिला ‘जंगल प्रायमरी’ असेंहि नांव पडलें आहे.

ही रीति कोणा तत्त्वज्ञाच्या चिंतनांतून निघालेली नाहीं. ती एका धूर्त पुढाऱ्याच्या अडचणींतून निघाली. अमेरिकेच्या यादवी युद्धानंतरची पुनर्रचना संपल्यावर दक्षिणेकडील राज्यांत डेमोक्रॅटिक पक्षाचें जणूं एकछत्री राज्य होतें. त्या पक्षाच्या प्रायमरींत जो जिंके तो निवडून आल्यासारखाच असे. पुढें रिपब्लिकन पक्ष डोकें वर काढूं लागला. एडविन एडवर्ड्स यांस गव्हर्नरपदासाठीं तीन लढाया लढाव्या लागल्या : १९७१ च्या अखेरीस पक्षाची प्रायमरी, मग पक्षांतलीच दुसरी फेरी, आणि १९७२ च्या आरंभीं रिपब्लिकन उमेदवार डेव्हिड ट्रीन यांच्याशीं मुख्य सामना. आपण दोन कुस्त्या करून दमून जावें आणि प्रतिपक्षाच्या गड्यानें ताज्या दमानें आखाड्यांत उतरावें, हें त्यांस अन्यायाचें वाटलें. गव्हर्नर झाल्यावर त्यांनीं नवा कायदा करविला आणि १९७५ सालीं सर्वांस एकाच यादींत आणणारी पद्धति सुरू झाली. मौज अशी कीं, ज्या पक्षाच्या सोयीसाठीं हा बदल केला त्यालाच तो लवकर बाधला. १९७९ सालीं तेच ट्रीन दुसऱ्या फेरींत थोडक्या मतांनीं निवडून आले. पुनर्रचनेच्या काळानंतर लुइझियानांत रिपब्लिकन गव्हर्नर झालेला तोंपर्यंत कोणी पाहिला नव्हता.

या पद्धतीची खरी परीक्षा १९९१ सालीं झाली. त्या वेळीं पहिल्या फेरींत पुढें असलेले उमेदवार तीन होते. एक एडवर्ड्स स्वतः. हे बोलण्यांत चतुर व लोकप्रिय खरे, पण त्यांच्या नांवाभोंवतीं लांचलुचपतीचा संशय सदैव घोटाळत असे. १९८६ सालीं एका खटल्यांतून ते निर्दोष सुटले होते. दुसरे अधिकारावर असलेले गव्हर्नर बडी रोमर; हे त्याच वर्षीं डेमोक्रॅटिक पक्ष सोडून रिपब्लिकन झाले होते. तिसरा डेव्हिड ड्यूक, कृष्णवर्णीयांचा द्वेष हेंच ज्या कु क्लक्स क्लॅन नांवाच्या टोळीचें ब्रीद, तिच्या एका शाखेचा पूर्वीचा म्होरक्या. हाहि रिपब्लिकन म्हणूनच उभा होता. मतें मोजलीं तेव्हां एडवर्ड्स यांस सुमारे ३४, ड्यूक यास सुमारे ३२ आणि रोमर यांस सुमारे २७ टक्के मतें पडलीं होतीं. नियमाप्रमाणें रोमर गळाले, आणि लोकांपुढें दोनच नांवें राहिलीं : एक संशयित, दुसरा द्वेष्टा.

आपल्या रीतीप्रमाणें मोजणी तेथेंच संपली असती. ड्यूकला आणखी दोन-तीन टक्के मतें पडलीं असतीं, तर जवळ जवळ दोन तृतीयांश लोकांनीं नाकारलेला हा मनुष्य राज्याचा अधिपति होऊन बसला असता. दुसऱ्या फेरीनें लोकांस पुनः विचार करावयास लावलें. ज्यांनीं आयुष्यांत एडवर्ड्स यांस मत दिलें नव्हतें तेहि नाक मुठींत धरून मतदानास गेले. ‘लुच्च्याला मत द्या, महत्त्वाचें आहे’ अशा अर्थाचे कागद लोकांनीं आपल्या मोटारींवर चिकटविले होते! दुसऱ्या फेरीस पहिलीपेक्षां अधिक मतदार आले. एडवर्ड्स यांस ६१ टक्के व ड्यूकला ३९ टक्के मतें पडलीं. ज्यास बहुसंख्य लोक असह्य समजतात तो मतांच्या फाटाफुटीच्या आडून सत्तेवर येऊं नये, हें या पद्धतीचें मोठें कार्य. आणि तें त्या दिवशीं तिनें चोख बजावलें.

परंतु उत्तम मनुष्य निवडून देण्याची हमी तिनें दिली काय? नाहीं. पुढें २००० सालीं, जुगारगृहांच्या परवान्यांच्या प्रकरणांत हेच एडवर्ड्स न्यायालयांत दोषी ठरले व त्यांस तुरुंगवास भोगावा लागला. आणि रोमर? त्यांस एडवर्ड्स यांच्यासमोर एकटें उभें केलें असतें तर लोकांनीं काय कौल दिला असता, हा प्रश्न या पद्धतींत विचारलाच जात नाहीं.

हें मर्म ध्यानीं यावें म्हणून घरगुती उदाहरण घेऊं. एका एकत्र कुटुंबांत अकरा वडील माणसें आहेत आणि यात्रेस कोठें जावें असा वाद पडला आहे. पांच जणांस काशी हवी, चौघांस रामेश्वर, दोघांस नाशिक. काशीवाल्यांस रामेश्वरापेक्षां नाशिक बरें वाटतें. रामेश्वरवाल्यांस काशीपेक्षां नाशिक बरें वाटतें. आणि नाशिकच्या दोघांस, तें न जमल्यास, रामेश्वर पसंत आहे. आपल्या निवडणुकीच्या रीतीनें मोजलें तर पांच मतांनीं काशी ठरली. लुइझियानाच्या रीतीनें मोजलें तर नाशिक गळालें, तेथील दोन मतें रामेश्वराकडे गेलीं आणि सहा विरुद्ध पांच असें रामेश्वर ठरलें. आतां दोन दोन स्थळांची जोडी लावून विचारा. काशी कीं नाशिक? सहा जण नाशिक म्हणतात. रामेश्वर कीं नाशिक? सात जण नाशिक म्हणतात. घर एकच, माणसें तींच, त्यांच्या इच्छा तिळमात्र बदलल्या नाहींत. तरी तीन रीतींनीं तीन यात्रा निघाल्या! फ्रान्समधील काँदोर्से या गणितज्ञानें १७८५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत जोडीजोडीनें तुलना करण्याचा हा विचार मांडला आहे. सारांश, ‘लोकांचा कौल’ म्हणून जो आपण शिरोधार्य मानतों, त्यांत कौल लावण्याच्या रीतीचाहि वांटा असतो.

पहिली फेरी कशी दगा देते याचें दुसरें उदाहरण कॅलिफोर्नियाचें. तेथील मतदारांनीं २०१० सालीं अशीच पद्धति स्वीकारली व २०१२ पासून ती अमलांत आली. फरक इतकाच कीं, अशा निवडणुकींत पहिल्या फेरींत कोणास निम्म्याहून अधिक मतें पडलीं तरी पहिल्या दोघांचा सामना नोव्हेंबरांत व्हावयाचाच. पहिल्याच वर्षीं काँग्रेसच्या ३१ व्या मतदारसंघांत चार डेमोक्रॅट आणि दोनच रिपब्लिकन उभे राहिले. चौघांत मतें विभागलीं आणि दोन्ही रिपब्लिकन अखेरच्या फेरीस गेले. त्याच नोव्हेंबरांत त्या मतदारसंघांतील बहुसंख्य लोकांनीं अध्यक्षपदासाठीं ओबामा या डेमोक्रॅट उमेदवारास मतें दिलीं. परंतु काँग्रेससाठीं त्यांच्यापुढें त्या पक्षाचें एकहि नांव नव्हतें. दोन मांजरांच्या भांडणांत लोणी माकडाच्या पदरीं पडावें, तशांतला हा प्रकार.

दुसरी फेरीच नसेल तर काय होतें, हें मिशिगन राज्यांत दिसतें, आणि तेथील उदाहरण आपल्या जवळचें आहे. बेळगांवांत वाढलेले श्रीयुत श्री ठाणेदार हे २०२२ सालीं तेथून अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आले. मिशिगनची प्रायमरी खुली आहे, पण ती पक्षापक्षांची वेगळी असते व तिच्यांत दुसरी फेरी नाहीं. त्यांच्या पक्षाच्या प्रायमरींत नऊ उमेदवार होते. सुमारे २८ टक्के मतांवर ठाणेदार पहिले आले, आणि मतदारसंघ त्या पक्षाचाच बालेकिल्ला असल्यामुळें पुढील निवडणूक त्यांनीं मोठ्या फरकानें जिंकली. यांत त्यांच्याकडे उणेपणा येत नाहीं; जो नियम असतो त्याच नियमानें खेळावें लागतें. पण उरलेल्या बहात्तर टक्क्यांची दुसरी पसंती कोणती, हें त्या नियमास जाणून घ्यावयाचेंच नव्हतें.

मतदारांस दोनदां न बोलावतां ही दुसरी पसंती विचारण्याचा एक मार्ग आहे, आणि तो आम्हां शिक्षकांच्या परिचयाचा आहे. आपल्या विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघांत मतपत्रिकेवर नांवांपुढें १, २, ३ असे पसंतीचे आंकडे घालावयाचे असतात. पहिल्या पसंतीचा उमेदवार गळाला तर तें मत दुसऱ्याकडे जातें. अलास्का राज्यानें २०२० सालीं सार्वत्रिक मतानें अशीच योजना स्वीकारली : खुल्या प्रायमरींतून पहिले चौघे पुढें जावयाचे व त्यांच्यांत पसंतीक्रमानें निवड करावयाची. पण हाहि उपाय रामबाण नव्हे. २०२२ च्या ऑगस्टांत तेथील पोटनिवडणुकींत मेरी पेल्टोला, सेरा पेलिन व निक बेगिच असे तिघे होते. बेगिच तिसरे आल्यामुळें गळाले व पेल्टोला निवडून आल्या; परंतु मतपत्रिकांवरील पसंतीक्रम पुढें तपासले तेव्हां असें आढळलें कीं, समोरासमोर एकेकाशीं गांठ पडती तर बेगिच यांनीं दोघींसहि हरविलें असतें. आपल्या उदाहरणांतील नाशिकचीच ही गत!

आणखी एक गोष्ट. दुसरी फेरी ठेवली म्हणजे ती होईलच आणि लोक तिला येतीलच असें नाहीं. १९८७ सालीं लुइझियानांत रोमर यांस पहिल्या फेरींत सुमारे ३३ टक्के मतें होतीं. दुसरे आलेले एडवर्ड्स यांनीं माघार घेतली आणि रोमर तेवढ्याच मतांवर गव्हर्नर झाले. २०२३ सालीं जेफ लँड्री यांनीं पहिल्याच फेरींत निम्म्याहून अधिक मतें मिळविलीं, पण त्या दिवशीं मतदानास आले नोंदलेल्या मतदारांपैकीं सुमारे ३६ टक्केच. बाकीचे घरीं राहिले. याच लँड्री यांच्या कारकीर्दींत १९७५ ची व्यवस्था अंशतः मागें घेण्यांत आली : २०२४ सालच्या कायद्यानें काँग्रेस, राज्याचें सर्वोच्च न्यायालय व आणखी कांहीं पदें यांसाठीं २०२६ पासून पक्षवार प्रायमरी ठरविली, गव्हर्नर व विधिमंडळ मात्र त्या कायद्यानें जुन्याच रीतीवर ठेवलें. ज्या राज्यानें ही वाट पाडली त्यासच ती सर्वस्वीं मानवली नाहीं, असें म्हणावयास हरकत नाहीं.

या सर्व हकीकतींतून मला जें दिसतें तें असें. दुसरी फेरी ही दाराची कडी आहे. तिनें चोर बाहेर राहतो, पण घरांत सज्जन आणून बसविण्याचें सामर्थ्य कडीस नसतें. तें काम पहिल्या फेरींतच व्हावें लागतें. आणि लोकांचा समज नेमका उलट असतो. ‘पहिल्या फेरीचें मत हौसेचें, दुसरीचें विचाराचें’ असें पुष्कळ जण मानतात. १९९१ सालीं लुइझियानाच्या मतदारांपुढें दोन वाईट नांवांतून एक निवडण्याची वेळ आली ती दुसऱ्या फेरीमुळें नव्हे. पहिल्या फेरींत ज्यांनीं मत दिलें आणि जे घरीं बसले, त्या सर्वांनीं मिळून ती आणली. दुसऱ्या फेरीनें त्यांस फक्त सांवरून घेण्याची संधि दिली. आपल्या विधानसभेच्या निवडणुकींत तेवढीहि संधि नाहीं. पहिलें मत तेंच शेवटचें. तेव्हां आपण तर त्याविषयीं दुप्पट सावध असावयास पाहिजे.

तरुण मुलामुलींस हें कोरडें व्याख्यान वाटेल, म्हणून एक सूचना करतों. सुटींत कोठें जावें असा प्रश्न घरांत निघेल तेव्हां प्रत्येकाकडून चिठ्ठीवर तीन नांवें पसंतीच्या क्रमानें लिहून घ्यावींत आणि वर सांगितलेल्या तिन्ही रीतींनीं मुलांकडूनच मोजवून घ्यावींत. उत्तर तिन्ही वेळां एकच आलें तर घर एकमताचें आहे असें समजावें. तें वेगवेगळें आलें तर कोणती रीति न्यायाची यावर आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांनीं वाद घालावा. मताचा अधिकार अठराव्या वर्षीं मिळतो. त्याची तयारी त्याच्या कितीतरी आधीं घरांतल्या घरांत झालेली बरी.