चौघांत एक मोबाइल

लग्नाच्या सीझनमध्ये मी यवतमाळ, दारव्हा, दिग्रसकडच्या शूटिंगच्या ऑर्डरी घेतो. सीझन सरला की कॉलेजच्या पोरांना व्हिडिओ शिकवतो. पोरं खिशात कॅमेरा घेऊनच येतात. मी चौघाचौघांचे गट पाडतो आणि प्रत्येक गटाचे तीन मोबाइल खणात ठेवून देतो. उरलेल्या एका मोबाइलवर गटाने तीन मिनिटांची फिल्म करायची. एकाने प्रश्न विचारायचे, एकाने कॅमेरा धरायचा, एकाने हेडफोन लावून आवाज सांभाळायचा, एकाने एडिटिंग करायचं. पुढच्या फिल्मला कामं बदलायची.

पोरं कुरकुरतात. पण सगळ्यांच्या हाती कॅमेरा दिला की चौघंही एकच दृश्य टिपतात आणि आवाजाकडे कुणाचंच लक्ष नसतं. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये डिप्लोमा फिल्म करताना दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी आणि संकलन शिकणारे विद्यार्थी एकत्र येतात. ती संस्था 1960 सालची. आमचा चौघांचा गट ही तिचीच गावठी आवृत्ती.

त्याही आधीचं उदाहरण दादासाहेब फाळक्यांच्या घरातलं. ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 मध्ये लोकांसमोर आला तो एकट्या दादासाहेबांच्या बळावर नाही. सरस्वतीबाई कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडायच्या, ती धुण्याच्या कामात हात लावायच्या आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही बघायच्या. श्रेयनामावलीची पाटी मी पोरांना सगळ्यात शेवटी करायला लावतो. तोवर कुणी काय केलं ते आपोआप कळलेलं असतं.

दिवाळीनंतर आमच्याकडे कापसाची वेचणी जोरात असते, त्यामुळे निदान एक गट तरी पऱ्हाटीत शिरतोच. एका गटाने घरात लावलेल्या कापसाच्या गंजीपुढे शेतकरीण बाईंना बसवलं. मोबाइलच्या पडद्यावर कापूस मळकट दिसू लागला आणि बाईंचा चेहरा काळाठिक्कर. कॅमेऱ्यावरच्या पोराने विचारलं, “सर, कापूस तं पांढरा हाय, इथं राखेसारखा काऊन दिसते?”

कारण सोपं आहे. सगळं ऑटोवर सोडलं की कॅमेरा समोरच्या दृश्याची सरासरी करड्या रंगापाशी आणू पाहतो. पांढरं जास्त दिसलं की तो उजेड कमी करतो. मग पडद्यावर बाईंच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरायचं, म्हणजे तिथला उजेड लॉक होतो. त्यानंतर बारीक सूर्याचं चिन्ह वर-खाली सरकवून कापूस आणि चेहरा दोन्ही सांभाळायचे. एवढं करूनही चेहरा अंधारातच राहिला तर बाजूने थर्माकोलची पांढरी शीट धरायची. ती शीट धरायला चौथा गडी लागतोच.

कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यात वेगळीच गंमत होते. काही ट्यूबलाइटखाली शूट केलं की चित्रात काळे पट्टे सरकतात. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे असा दिवा सेकंदाला शंभर वेळा उजळतो आणि मंदावतो. शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर ठेवलं की पट्टे बहुधा जातात. मशीनच्या घरघरीत मात्र मुलाखत घ्यायचीच नाही. माणसाला बाहेर आणायचं, कॉलर माइक लावायचा आणि घरघर वेगळी अर्धा मिनिट रेकॉर्ड करायची. एडिटिंगला बसलेली मुलगी तीच घरघर हळू आवाजात चित्राखाली टाकते, म्हणजे कटिंगचे सांधे कानाला खटकत नाहीत.

खरी परीक्षा होते ती एडिटिंगच्या टेबलावर. कॅमेरावाल्याने सगळं शेत गरगर फिरवून टिपलेलं असतं आणि कापायला जागाच नसते. एका शॉटमध्ये बाई गाठोडं घेऊन डावीकडून उजवीकडे जाते, पुढच्यात उजवीकडून डावीकडे. बघणाऱ्याला वाटतं, काहीतरी विसरून परत निघाली. म्हणून नियम असा, की कॅमेरा बाईंच्या वाटेच्या एकाच बाजूला ठेवायचा आणि प्रत्येक शॉट दहा सेकंद स्थिर धरायचा. आधी लांबून शेत, मग कमरेपर्यंत बाई, मग जवळून फक्त बोंडातून कापूस ओढणारी बोटं. पुढच्या फिल्मला त्याच कॅमेरावाल्याला मी एडिटिंगला बसवतो. दुसऱ्याच्या डोकेदुखीचं कारण आपण होतो, हे त्याला मला सांगावं लागत नाही.

शूट करण्याआधी परवानगी घ्यायची, हा नियम मी सगळ्यात कडक ठेवला आहे. वेचणाऱ्या एक आजी म्हणाल्या, “बापू, माह्यं तोंड नोको काढू.” गटाने त्यांचे फक्त हात घेतले. फिल्ममधला सर्वांत चांगला शॉट तोच निघाला.

तयार झालेली फिल्म कॉलेजात दाखवण्याआधी ज्यांची आहे त्यांना दाखवायची. या वेळी अंगणात बायका जमल्या, फिल्म पाहिली आणि एकीने विचारलं, “अन् सीतादही कुठी हाय?” वेचणीला हात लावण्याआधी शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवून पूजा करतात, तीच सुटली होती. प्रश्न विचारायचं काम ज्या पोरीकडे होतं तिने जागेवरच वही काढली आणि त्या बाईंना समोर बसवून पूजेची सगळी रीत उतरवून घेतली. पूजा पुढच्या हंगामातच होणार, म्हणून बाईंचं सांगणं फक्त आवाजात घेतलं आणि ते शेताच्या पहिल्या शॉटवर टाकलं. श्रेयनामावलीत ‘माहिती’ अशी नवी ओळ वाढली.