मोतीबिंदू पिकायची वाट पाहू नका

दिवाळी सरली आणि पुण्यात थंडी पडायला लागली की बऱ्याच घरांत एक विषय निघतो. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आता उरकून घेऊ या. लगेच कोणीतरी मोठं माणूस म्हणतं, "अजून पिकला कुठे आहे? पिकू दे की." मग ते पुढच्या दिवाळीवर जातं. हे सगळं काळजीपोटीच चाललेलं असतं. पण 'थंडीतच करा' आणि 'पिकू दे' हे दोन्ही सल्ले ज्या ऑपरेशनसाठी होते, ते ऑपरेशन आज जवळपास कोणी करत नाही.

साठ-सत्तरच्या दशकांत मोतीबिंदू काढायचा म्हणजे बुबुळाच्या कडेने अर्ध्या वर्तुळाएवढा छेद घ्यायचा आणि डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग त्याच्या आवरणासकट बाहेर ओढायचं. मग टाके. रुग्णाला कित्येक दिवस उताणं झोपवून ठेवत, मान हलू नये म्हणून डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावत. डोळ्यात भिंगच उरत नसे, म्हणून नंतर +१० च्या आसपासचा जाड चष्मा लागे. त्यातून सगळं जवळपास पाव पटीने मोठं दिसे, पायरीचा अंदाज चुके, बाजूने येणारा माणूस एकदम समोर उगवे. त्यापेक्षा थोडं धूसर दिसणंच परवडे. शिवाय पूर्ण पिकलेलं भिंग आवरणासकट निघायला सोपं जाई. त्यामुळे त्या वेळचे डॉक्टरच सांगत, पिकला की या. थंडीचंही तसंच. ऑपरेशनची शिबिरं शाळांत आणि धर्मशाळांत भरत, वातानुकूलन नसे, उकाड्यात पट्टीखाली घाम आला तर जंतुसंसर्गाची धास्ती असे. खेड्यातल्या माणसाला सुगीनंतर सवडही मिळे.

तो सल्ला त्या काळी बरोबर होता. पुढे ऑपरेशन बदललं, सल्ला मात्र घरात तसाच राहिला.

बदलाची सुरुवात १९४९ मध्ये लंडनमध्ये झाली. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेचे, म्हणजे खरं तर एका प्लास्टिकचे, तुकडे घुसले होते आणि डोळ्याने ते निमूट सहन केले होते. हे पाहून हॅरॉल्ड रिडली यांनी त्याच प्लास्टिकचं भिंग डोळ्यात बसवलं. १९६७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी दातांच्या डॉक्टरचं ध्वनिलहरींवर चालणारं यंत्र पाहून भिंग आतल्या आत फोडून शोषून घ्यायची पद्धत काढली. तीच आपली 'फेको'. आज छेद साधारण अडीच मिलिमीटरचा असतो, टाका बहुधा लागत नाही, थेंबांनी डोळा बधिर करता येतो आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. याला सर्रास 'लेझरचं ऑपरेशन' म्हणतात, पण फेकोत भिंग फोडतात ते ध्वनिलहरींनी. काही ठिकाणी छेद घ्यायला आणि भिंगाचे आधी तुकडे करायला लेझर वापरतात. तो जादाचा खर्च आहे, त्याच्यावाचून काही अडत नाही.

आता वाट पाहण्याची किंमत बघा. भिंग जितकं कडक होतं, तितकी ते फोडायला जास्त ऊर्जा लागते आणि तितकी बुबुळाच्या आतल्या नाजूक पेशींना इजा होते. फार पिकलेला मोतीबिंदू कधी फुगतो, कधी पाझरतो, आणि डोळ्यातल्या द्रवाचा निचरा अडवून दाब एकदम वाढवतो. डोळा लाल, असह्य ठणका. त्या दाबाने डोळ्याची नस गेली तर मोतीबिंदू काढूनही दृष्टी परत येत नाही. २०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या अंध व्यक्तींपैकी ६६.२ टक्के लोकांच्या अंधत्वाचं कारण उपचार न झालेला मोतीबिंदू हेच होतं. ज्याच्यावर अर्ध्या तासात इलाज होतो, त्या दुखण्यापायी इतकी माणसं अंधारात बसावीत, याचा मला मनापासून त्रास होतो.

मग ऑपरेशन कधी करावं? रोजचं काम अडायला लागलं की. संध्याकाळी कर्वे रस्त्यावर समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे फाकायला लागले, पीएमपीच्या बसचा नंबर स्टॉपला येईस्तोवर कळेना, गोळीच्या पाकिटावरचं नाव वाचायला नातवाला हाक मारावी लागली, की वेळ झाली. उलट, तपासणीत 'सुरुवात आहे' एवढंच निघालं आणि अडचण काहीच नसेल, तर घाईने टेबलावर चढायचंही कारण नाही. पाऊस असो की मे महिना, ऋतूचा प्रश्न उरलेला नाही.

"आजीचा चष्मा सुटला!"

सत्तरीत एखाद्या आजींना अचानक चष्म्याशिवाय पेपर वाचता येऊ लागतो आणि घरात कौतुक होतं. बहुतेकदा हा मोतीबिंदूच असतो. भिंगाचा गाभा घट्ट होत गेला की डोळ्याला उणे नंबर येतो. जवळचं दिसायला लागतं, लांबचं बिघडतं. हा आनंद थोड्या महिन्यांचा असतो. तेव्हाच एकदा तपासून घ्यावं. रंगांचंही असंच. भिंग पिवळट होत जातं आणि ते आपल्याला कळतही नाही. फ्रेंच चित्रकार मोने यांच्या उतारवयातल्या चित्रांत लाल-तपकिरी रंग वाढत गेले, त्यामागे त्यांचा मोतीबिंदू होता. १९२३ मध्ये त्यांनी एका डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. आपल्याकडे ऑपरेशननंतर आज्या सांगतात की पातळ इतकं पांढरं आहे हे माहीतच नव्हतं.

थेंबांनी मोतीबिंदू विरघळतो हेही खोटं. मध, कांद्याचा रस, गुलाबपाणी, यांतल्या कशानेही गढूळ झालेलं भिंग स्वच्छ होत नाही. कांद्याच्या रसाने डोळ्याला जखम मात्र होऊ शकते.

"शुगर आहे, आमचं ऑपरेशन होणार नाही"

होतं. शुगर आटोक्यात आणावी लागते आणि ऑपरेशनआधी पडदा, म्हणजे दृष्टिपटल, तपासावा लागतो, कारण मधुमेहाने पडद्यावरच्या रक्तवाहिन्या आधीच बिघडलेल्या असतील तर नुसता मोतीबिंदू काढून दृष्टी सुधारत नाही. मधुमेह्याने मोतीबिंदू असो वा नसो, दर वर्षी बाहुली मोठी करून पडदा बघून घ्यायलाच हवा. पडदा बराच बिघडेपर्यंत दिसण्यात फरक जाणवत नाही. या तपासणीच्या दिवशी सोबत कोणी न्यावं, स्कूटर चालवत परत येऊ नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांना विचारावं. आणि पुरुषांनी एक गोष्ट आवर्जून सांगावी: प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू असेल किंवा पूर्वी घेतलं असेल, तर ऑपरेशनच्या वेळी बाहुलीभोवतीचा पडदा सैल पडून फडफडतो. सर्जनला आधी ठाऊक असेल तर तो तयारीने उतरतो. लघवीच्या गोळीचा डोळ्याशी काय संबंध, असं वाटून हे सांगायचंच राहतं.

लेन्सची निवड हा घरातल्या वादाचा मोठा विषय. महागातली लेन्स म्हणजे चांगली दृष्टी, असं गणित नाही. साधी एका अंतराची लेन्स लांबचं उत्तम दाखवते, वाचायला चष्मा लागतो. अनेक अंतरांची लेन्स चष्म्याची गरज कमी करते, पण काहींना रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात. पडदा बिघडलेला असेल किंवा काचबिंदू असेल तर ती बहुधा टाळतात. तिरप्या नंबरासाठी वेगळी लेन्स मिळते. ज्याला रात्री गाडी चालवायची आहे त्याची गरज वेगळी, दिवसभर पोथी वाचणाऱ्याची वेगळी. डॉक्टरांना आपला दिवस कसा जातो ते सांगा. पैशांसाठी थांबायचंही कारण नाही. ससून आहे, औंधचं जिल्हा रुग्णालय आहे. महंमदवाडीचं ह. वि. देसाई नेत्र रुग्णालय आहे. ते पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन, म्हणजे अंधांसाठी उभी राहिलेली संस्था चालवते. सरकारी रुग्णालयात बऱ्याचदा फेकोऐवजी थोड्या मोठ्या छेदाची, बिनटाक्याची शस्त्रक्रिया करतात. ती दुय्यम नाही. कुशल हातांनी केली तर दिसण्यात फारसा फरक राहत नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात पूर्वी असलेले डॉ. तात्याराव लहाने यांनी अशा बिनटाक्याच्या शस्त्रक्रियांनी गावोगावच्या गरिबांना दृष्टी दिली. मोतीबिंदूच्या एक लाखाहून जास्त शस्त्रक्रिया त्यांच्या नावावर आहेत, २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

ऑपरेशननंतरची पथ्यंही जुन्या काळची चालत आली आहेत. आंबट खाऊ नका, दात घासू नका, महिनाभर अंधाऱ्या खोलीत बसा, यांतलं काहीच लागत नाही. लागतं ते वेगळंच: डोळा चोळायचा नाही, काही दिवस डोळ्यात नळाचं पाणी जाऊ द्यायचं नाही, हात धुऊन वेळेवर थेंब घालायचे. आणि डोळा दुखू लागला, लाली वाढली, दिसणं कमी झालं, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर तासांचा हिशेब असतो. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागलं तर मोतीबिंदू 'परत आला' असं लोक म्हणतात. तो परत येत नाही. नवी लेन्स ज्या आवरणात बसवली त्याची मागची बाजू गढूळ होते. लेझरने काही मिनिटांत ती मोकळी करतात. इथे लेझर खरोखरच आहे.

"काचबिंदू निघाला तर तोही काढून टाकू"

माझ्या मते सगळ्यांत घातक गैरसमज हाच. काचबिंदूत काढण्यासारखं काही नसतंच. त्यात डोळ्याच्या नसेचे तंतू मरत जातात, बहुधा आतला दाब नसेला सोसत नाही म्हणून. दुखत नाही. आधी कडेची नजर जाते, समोरचं स्पष्ट दिसत राहतं, त्यामुळे माणूस पेपर वाचतो आणि दाराच्या चौकटीला मात्र धडकतो. गेलेली नजर परत आणणारा उपाय आजही नाही. थेंब, लेझर, शस्त्रक्रिया या सगळ्यांचं काम उरलेली नजर राखणं. म्हणूनच 'फरक पडत नाही' म्हणून थेंब सोडणारे रुग्ण नुकसान करून घेतात. फरक न पडणं हाच त्या थेंबांचा गुण आहे. आईवडिलांना किंवा भावाबहिणीला काचबिंदू असेल तर धोका बराच वाढतो, अशांनी चाळिशीपासून तपासणी सुरू करावी. नुसता दाब मोजून भागत नाही. दाब 'नॉर्मल' असूनही काचबिंदू होतो, नस बघावी लागते.

त्याचा एक प्रकार मात्र गाजावाजा करत येतो. अचानक अर्धं डोकं ठणकतं, उलट्या होतात, दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतात, डोळा लाल होतो. आपल्याकडे याला पित्त म्हणतात आणि रात्र लिंबू-सोड्यावर काढतात. त्या रात्रीत नस जाऊ शकते. डोकेदुखी-उलटीसोबत एक डोळा लाल आणि धूसर असेल तर ते पित्त समजू नका.

मेडिकलमधून स्वतःच आणलेले लाल डोळ्याचे थेंब हाही काचबिंदूकडे जाणारा रस्ता आहे. त्यांत स्टेरॉइड असलं आणि ते महिनोन्महिने घातले, तर दाब वाढतो आणि मोतीबिंदूही लवकर होतो.

मोतीबिंदू-काचबिंदूखेरीज आणखीही काही खुणा ओळखायला हव्यात. अचानक डोळ्यापुढे विजा चमकल्यासारख्या झाल्या, काळ्या माशांचा थवा उठला किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखं झालं, तर दृष्टिपटल सुटत असण्याची शक्यता असते. त्याच दिवशी जावं. सरळ रेषा, फरशीच्या कडा वाकड्या दिसू लागल्या तर दृष्टिपटलाच्या मध्यभागाचा आजार असू शकतो. नंबर वाढला असेल म्हणून चष्म्याच्या दुकानात जाऊन हे कळत नाही.

आणि एक गोष्ट, जी माणसं घाबरून लपवतात. नजर खूप कमी झालेल्या एखाद्या आजोबांना दिवसाढवळ्या खोलीत माणसं दिसतात, लहान मुलं, फुलांची नक्षी, कधी घोडे. ती बोलत नाहीत, फक्त दिसतात. आजोबांना कळतं की ती खरी नाहीत, पण सांगितलं तर घरचे वेडा म्हणतील, म्हणून ते गप्प राहतात. सांगितलंच तर कोणी बाहेरची बाधा म्हणतं. १७६० मध्ये जिनिव्हाच्या शार्ल बॉने यांनी आपल्या आजोबांचा नेमका हाच अनुभव लिहून ठेवला, त्याला आज त्यांचंच नाव आहे. डोळ्यांकडून पुरेसं चित्र आलं नाही की मेंदू स्वतः चित्रं तयार करतो. हे वेड नाही, भुताटकीही नाही. हे ऐकल्यावरच बहुतेकांची अर्धी भीती जाते. नजर सुधारण्यासारखी असेल तर ती सुधारल्यावर भासही थांबू शकतात. म्हणून घरातल्या वृद्धांना शांतपणे विचारा, तुम्हाला असं काही दिसतं का.

नेत्रदानाबद्दलही ज्येष्ठांमध्ये एक चुकीची समजूत आहे: चष्मा आहे, मधुमेह आहे, मोतीबिंदू झालाय, आता आमच्या डोळ्यांचा काय उपयोग? प्रत्यारोपणाला लागतं ते पुढचं पारदर्शक बुबुळ. मोतीबिंदूचं भिंग त्याच्या मागे असतं. त्यामुळे ऑपरेशन झालेल्यांनाही नेत्रदान करता येतं आणि त्याला वयाची अट नाही. एड्स, रेबीज, काविळीचे काही प्रकार, रक्ताचा कर्करोग अशा थोड्या आजारांत ते स्वीकारत नाहीत. आधी फॉर्म भरला नसला तरी नातेवाईक मृत्यूनंतर निर्णय घेऊ शकतात. पापण्या मिटाव्यात, वर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा, डोक्याखाली दोन उशा घ्याव्यात आणि नेत्रपेढीला लगेच फोन करावा. मृत्यूनंतर साधारण सहा तासांत हे व्हावं लागतं. पथक घरी येतं, काम अर्ध्या तासाच्या आत संपतं आणि चेहरा विद्रूप होत नाही.